टाकी नंबर चार

मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या गोदामाला लागून
आमचा बिअरचा छोटासा कारखाना.
बार्शीत तो शब्द उच्चारायची सोय नाही,
म्हणून आईला सांगितलंय, मी पाण्याच्या खात्यात आहे.
ते खोटंही नाही.

इथलं पाणी कुणाचंच नसतं.
समुद्रातून उपसून, गाळून, इतकं निर्मळ केलेलं
की घोट गिळला तरी जिभेवर काही राहत नाही.
त्याला गाव मी देते :
चिमूट जिप्सम, थोडं मीठ, नखभर खडू.
बोहुमिलला हवं होतं पिल्झेनसारखं मऊ.
लीसला तिच्या बेटावरच्या विहिरीसारखं, जरा चुन्याचं.
तिगिस्त म्हणाली, आमच्याकडे डोंगरातून येतं,
कुणी मोजत नाही. तूच चाखून ठरव.

तिघं आले तीन मुलखांतून, जुलैच्या एकाच आठवड्यात.
बोहुमिलकडे हॉप्स, चंदेरी पाकिटात दाबून बसवलेले.
तिगिस्तकडे गेशोची पानं, आईच्या हातची वाळवलेली.
लीसकडे जुनिपरच्या काटक्या, कस्टमवाल्यानं दोनदा हुंगलेल्या,
आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेली यीस्टची कुपी.
विरजण, मी म्हणाले.
म्हणजे?
शेजारणीकडून वाटीत आणतात ते.
परत करायचं नसतं. कुणी मागितलं तर आपण द्यायचं.
लीसनं शब्द वहीत लिहून घेतला, दोन चुका करून.

आणि माझी ज्वारी.
भाकरीसाठी आईनं पाठवलेली मालदांडी, दहा किलो.
भिजवली, मोड आणले, गच्चीवर एका दुपारीत खडखडीत वाळली.
हजार लिटरच्या टाकीत दहा किलो!
बोहुमिल हसला. मीही हसले.
शास्त्रापुरती रे, म्हटलं,
आणि हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

तिसऱ्या रात्री चिलर बसला.
बाहेर बेचाळीस, रात्रीचे दोन,
आणि टाकीचा काटा चढतोय, तापातल्या पोरासारखा.
लीस एस्टोनियन भाषेत काहीतरी पुटपुटत होती, शिवीच असावी.
आम्ही मीना बाजारातून बर्फ आणला,
सुरमईचा वास मारणारा,
गोणपाटं भिजवली, टाकीला नेसवली,
बादली या हातातून त्या हातात.
मग शेर अफझल आला, मर्दानचा, झोपेतून उठून.
हे मी पीत नाही, त्यानं आधीच सांगितलं,
पण मशीनचा काय गुन्हा?
नाकाला रुमाल बांधून तो कॉम्प्रेसरखाली शिरला
आणि फजरच्या अजानीआधी बाहेर आला, हात काळे करून.
काटा उतरायला लागला.
तो नळावर गेला. माझ्या त्या बेवारस पाण्यानं
कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले.

मी टाकीला कान लावला.
आत बुडबुड, बुडबुड.
कुणाची ज्वारी, कुणाचं जव, ते आता यीस्टलाही सांगता येणार नव्हतं.

लेबलवर चार झेंडे आहेत.
शेर अफझलचा नाही. त्याला विचारलं,
तर घाबरून हात जोडले : बाई, माझं नाव त्यावर अजिबात नको.
त्यानं फक्त चोथा मागितला.
पिकअप भरून नेला अल खतीमला, चुलतभावाच्या शेळ्यांसाठी.
म्हणजे आमच्या आधी त्यांनीच चाखली
बार्शीची ज्वारी, वाळूत उभ्या राहून.
दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला :
एक काळी शेळी, दाढीला दाणे चिकटलेले, थेट कॅमेऱ्यात बघतेय.

चव?
पहिल्यांदा धूर लागतो, मग काहीतरी आंबट,
आणि अगदी शेवटी, घोट उतरल्यावर,
तव्यावर जराशी करपलेली कड.
बोहुमिल म्हणतो, ती जुनिपरची.
म्हणू दे.

रविवारी आईचा फोन. ज्वारी पुरतेय का गं?
संपली, म्हटलं.
इतक्यात? दहा किलो?
खाणारे वाढलेत, आई.
ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली,
या खेपेला वीस पाठवते,
पण निवडून घे हो, खडे आहेत.