शलोमीबाईकडच्या किल्ल्या

दिवाळी सरली की ट्रक यायचे,
अर्धं गाव ऊसतोडीला बारडोलीकडे.
जाताना जो तो किल्ली द्यायचा शलोमीबाईकडे,
आणि तान्ही सोडून बाकीची पोरं.

चर्चच्या ओट्यावर भाकर, अंबाडीची भाजी,
एक गोधडी पाचांना,
प्रार्थनेत नावं सगळ्यांची,
दारुड्या रूपसिंगचंही, आवाज न उतरवता.
सिकलसेलनं कुणाचे सांधे धरले
की पाठीवर घेऊन नवापूरचा दवाखाना,
रंगावली गुडघ्याला असो की कमरेला.

माघात ती गेली. गावात पुरुष नव्हते.
खांदा आम्ही बायांनी दिला.
पाळकसाहेब पोचेस्तोवर
पोरांनीच तिचं आवडतं गीत म्हटलं,
मधलं कडवं विसरून.

होळीला माणसं परतली.
जुडगा माझ्या हाती.
तिला बोटांनीच कळायचं कुणाची कुठली;
मी दारोदार लावून बघत गेले.
घराघरात महिन्याची धूळ,
धुळीखाली शेणानं सारवलेली भुई.

शेवटी एक उरली. वेस्ताची.
नऊ वर्षांमागे गेला, आलाच नाही,
दारासकट घरही पडलं त्याचं.

किल्लीला गंज नव्हता.
माझ्या बोटांना टोळंबीचं तेल लागलं.