शाकारणी

इलाही शिकलगार शिडी लावण्याआधी
खालीच तासभर बसला,
चहा घेत आढ्याकडं बघत राहिला.
मी म्हटलं, पत्रा टाकून मोकळं होऊ.
"टाका की. पण वासं आधी बघा.
वाळवी पत्र्याला भीत न्हाई."

मग वर गेला. एकेक कौल
बोटाच्या पेरानं वाजवत.
खणखणीत बोललं ते ठेवायचं,
बद्द बोललं ते खाली.
सातशेतली नव्वदच बाद निघाली.
गंगावेशीतला दुकानदार
सगळीच बदला म्हणत होता.

स्वयंपाकघरात अकरा पावसाळे
आम्ही एकाच जागी पातेलं ठेवतोय.
बरोबर त्याच्या डोक्यावरचं कौल
तीनदा बदललं,
शेजारच्या सासण्यांशी
त्यांच्या भिंतीवरून दोनदा भांडलो,
दुसऱ्यांदा तर मी फारच बोलले.

"ओल दिसती तिथं भोक नसतंय, ताई,"
इलाही वरून ओरडला,
"पाणी वाशावरनं चालत येतंय."

भोक होतं पार कोन्याजवळ,
अँटेनाचा खांब रोवायला
आमच्याच अण्णांनी पाडलेलं.
अँटेना केव्हाच भंगारात गेली.

तिथं त्यानं काचेचं कौल बसवलं.
"ह्याचं पैसं नकोत,
कसबा बावड्यातल्या एका कामाचं उरलंय."

आता नऊच्या सुमारास
उन्हाचा एक चौकोन
पातेल्याच्या जागेपासून हातभर लांब पडतो,
घटकाभर थांबतो,
सासण्यांच्या भिंतीकडं सरकतो.

मी अजून गेलेले नाही.