वापरलेला

परभणीत, स्टेशन रोडला, मुनीरभाईंच्या काउंटरवर
दोन कॅमेरे:
एक नवा, बारा हप्त्यांचा,
एक वापरलेला, पकडीचं रबर सुटलेला.

"लेन्स दोन्हींना तीच, अठरा-पंचावन्न.
ह्यानं फक्त वीस हजार वेळा डोळा मिटलाय."

माझ्याकडे अकरा हजार सहाशे,
शिकवणीच्या पोरांचे, दोनदा मोजलेले.

वापरलेला उचलला, समोरच्या रसवंतीवर धरला.
पहिला फोटो पांढराफटक; उन्हानं चरकच खाल्ला.
चाक दोन खटके फिरवलं, पुन्हा दाबलं:
घुंगरू हवेत थांबलं,
खाली फेसाचा एक थेंब, पडायचा राहिलेला.

ह्याच्यापुढं मेगापिक्सेल कोण विचारतंय.

रबर मी फेविक्विकनं चिकटवीन.
पिशवी मात्र भाईंनी फुकट द्यावी,
त्यावरून अजून घासाघीस चालू आहे.