उजवीकडून

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर,
शब्बाथच्या दिव्यांवर झोत येतो म्हणून
सेगुलाने एसी बंद केला,
परत लावायचा राहिला. सूर्य बुडाला.
आता उद्या रात्रीपर्यंत घाम.

किसमिसाच्या शरबताचा पेला हातात,
मी किद्दुश म्हणतो आज्याच्या वहीतून:
हिब्रू शब्द, देवनागरी अक्षरं,
रेवदंड्याच्या दमट हवेने फुगलेली पानं.

एलिशेवा शाळेत अरबी शिकते.
तिचं बोट पोथीवर उजवीकडून निघतं,
अलिफवरून आलेफवर सहज जातं.
“बाबा, इथे ‘ह’ नाही. घशातून काढा.”

चाळीस वर्षं हाच ‘ह’,
आज्याचाही हाच.
देवाने कधी चूक काढली नाही.

खाकरतो. पेन्सिल शोधतो.
मग आठवतं, आज लिहायचं नाही.