आतली बाजू

पोरगा बेळगावहून आला, खानापूर स्टँडवर उतरून
विचारत विचारत. ओबियोरा त्याचं नाव,
इंजिनेरिंगच्या तिसऱ्या वर्षाला.
टॉवेलात गुंडाळलेलं लाकडाचं तोंड
माझ्या रंध्याशेजारी ठेवलं, पालथं,
आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, मामाचं आहे.
चीर गेलीय.

कपाळापासून हनुवटीपर्यंत.
लाकूड ओळखीचं नव्हे; साग नव्हे, फणस नव्हे.
हुंगलं तर धूर, तेल आणि जुना घाम.

विचारलं, ह्याच्या आत कोण नाचायचं?
तो गप्प. मग म्हणाला, आत कुणी नसतं.
ते मुंग्यांच्या बिळातून वर येतं, मेलेल्यांच्यातलं,
वेगळ्याच आवाजात बोलतं,
आणि गावातलं भांडण तिथंच मिटतं.

मी हसलो नाही.
आमच्या लक्ष्मीलाही बारा वर्षांनी रंगायला आणतात
माझ्याकडंच.
गाव पाच मंगळवार वार पाळतं, नांगर उभे.
वारुळाची माती मी आणतो, पहाटे, कुणाशी न बोलता.
डोळे सगळ्यात शेवटी,
पाठमोरा बसून, आरशात बघून,
कारण पहिली नजर पडेल त्याचं काही खरं नाही.
कोण तिला लक्ष्मी म्हणतं, कोण लक्कव्वा;
ती दोघांकडं सारख्याच रागानं बघते.

चीर भरली. चिंचोक्याची खळ, भुसा, मागून दोन खुंट्या.
रंग लावला नाही. त्यानं लाव म्हटलं नव्हतं.
रात्री भागूनं त्यावर जुनं लुगडं टाकलं,
म्हणाली, उघडं नका ठेवू,
देवी पण इथंच हाय,
दोघं एकमेकांकडं बघत बसतील.

आत, ओठांच्या मागं, एक आडवी काडी.
दातांत धरायची.
तिच्यावर खुणा, एकाच्या नव्हेत,
दोघातिघांच्या; एकाचा पुढचा दात वाकडा.

काल करंट गेला होता.
दार ओढून घेतलं, तोंडावर धरलं,
काडी चावली. तुरट लागली.
दोन भोकांतून माझंच दुकान, करवत,
देवीचा अर्धा रंगवलेला हात,
मला ओळखत नसल्यासारखा.

तेवढ्यात आतून भागूची हाक.
अहो नव्हे, काही नव्हे,
नुसतं, कोण हाय तिथं?

उत्तर द्यायचं तर
काडी सोडावी लागणार होती.