भूमितीचा मास्तर

चौथ्यांदा आलाय सिल्वेर बारान्साका,
बुजुंबुराची पदवी प्लास्टिकच्या पिशवीत.
फ्रेंचमधून भाषांतर करून आण, म्हटलं होतं मी.
आणलं.
भाषांतरकाराने भूमापकाचा केला भूमितीचा मास्तर
आणि वर गोल शिक्का मारला.

शिक्षकांचं खातं वेगळं, मी म्हटलं, दुसरा मजला.
तो हसला. बाई, चूक फारशी नाही.

दोन देशांच्या मधले सिमेंटचे खांब
यानेच रोवलेत, भर उन्हात,
आमच्याच माणसांबरोबर, एका पातेल्यातली उगाली खाऊन.
एकशे सतराव्या खांबापलीकडे याचं माप माप,
अलीकडे
नुसतं चालणं.

करार झालाय म्हणे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत.
परिपत्रक अजून किगोमाला पोचलेलं नाही,
मालगाडीने निघालं असावं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला घरामागे नेलं.
दिराने कुंपण सरकवलंय, सहा वर्षांचं भांडण;
परवानेवाले तिघे येऊन
तीन आकडे सांगून गेले, चहापाण्याचे घेऊन.
हा काही बोलला नाही. दोरी मागितली.
कसावाच्या ओळींतून गेला, आला, वाकला,
टाचेने एका जागी माती उकरली.
वीतभर खाली जुना दगड,
सासऱ्याने पुरलेला.

दीर दारातून बघत होता. गप्प.

दोन वाजता खिडकी उघडली.
मी खुर्चीत, तो रांगेत.
नखांत माझ्याच जमिनीची माती,
त्या बोटांनी अर्ज पुढे सरकवला.
रकाना अकरा : या देशात पूर्वी काम केल्याचा पुरावा.
मी लिहिलं,
नाही.