अंशतः खरे आहे

तेहतीस वर्षं सभागृहाच्या मधोमध माझी खुर्ची.
दहा मिनिटं लिहायचं, उठायचं, दुसऱ्याला जागा द्यायची,
बाहेर येऊन त्या दहा मिनिटांचं राज्य टाईप करायचं.
कोण हसलं ते कंसात. कोण ओरडलं तेही कंसात.
जे कामकाजातून काढलं, तिथं टिंबांची रांग.

ते उत्तरही माझ्याच हाताखालून गेलं,
बेलापूरच्या खाडीतल्या धक्क्याचं:
एक, होय.
दोन, हे अंशतः खरे आहे.
तीन, नव्वद दिवसांत काम सुरू करण्यात येईल.
चार, प्रश्न उद्भवत नाही.

नव्वदाचे अकराशे झाले तेव्हा
आश्वासन समिती निघाली पाहणीला.
सदस्य सतरा, सह्या अकरा,
गाड्यांतून उतरले पाच.
मी नेरुळचा, घराजवळचं काम,
म्हणून वही घेऊन मला पाठवलं.

समितीप्रमुख लांबच्या कोरड्या जिल्ह्यातले.
धरणं त्यांना टक्केवारीसकट पाठ,
पण दिवसातून दोनदा निघून जाणारं पाणी
त्यांच्या हिशेबात कधी आलं नव्हतं.
दुपारचे बारा, अवस,
खाडी काठोकाठ. होड्या अगदी दाराशी.
अभियंत्यानं बॉनेटवर नकाशा अंथरला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार शहाळी.
"होडी तर थेट लागते की," साहेब म्हणाले,
"मग अडचण काय आहे?"

चांगुणाबाय तांडेल पुढं झाली,
डोक्यावरची पाटी न उतरवता.
"ओहोट लागूं द्या साहेब. कंबरेवरी चिखल हाय.
सा तास थांबा."

(हशा)
सवयीनं लिहून गेलो. मग खोडलं नाही.

जेवण विश्रामगृहावर होतं. सुरमई.
कुणाच्या पाटीतली, ते मी विचारलं नाही.
चार गाड्या वळल्या.
पाचवे खाली राहिले, देवाजी मडावी,
शेवटच्या बाकावरचे, दुसरी टर्म.
सभागृहात त्यांचं एकच वाक्य आम्ही घेतलेलं:
"अध्यक्ष महाराज, माझा माईक चालू नाही."

मीही राहिलो. का, ते आता सांगता येत नाही.
पालथ्या होडीवर बसलो,
तांदळाची भाकर, सुका जवळा.
मडावींनी जाळं विणणाऱ्या पोराला
त्यांच्याकडची गाठ दाखवली, पोरानं त्यांना आपली.
बोलणं फार झालं नाही.
पाणी जात होतं आणि कुणालाच घाई नव्हती.

सहाला खाडीनं तळ दाखवला.
काळा, चकचकीत, बुडबुडे सोडणारा.
बायका उतरल्या, पाट्यांसकट, एकामागं एक.
मडावींनी विजार दुमडली आणि उतरले.
मांडीपर्यंत गेले. मग थांबले.
दोघींनी काखेत हात घालून ओढून काढलं त्यांना,
एका चपलेसह.
दुसरी अजून तिथंच असेल.

अहवाल पटलावर ठेवण्यात आला. पान बावीस:
"प्रत्यक्ष पाहणीत चिखल आढळून आला नाही."
अगदी शेवटी, जोडपत्रांच्याही मागं, भिन्नमत, एक ओळ:
"मी ओहोटीपर्यंत थांबलो होतो."
मुद्रितं तपासताना मी 'ओहोटी'चा ऱ्हस्व-दीर्घ पाहिला.
एवढंच माझ्या हातात होतं.

मडावी पुढची निवडणूक हरले.
मी निवृत्त झालो.
आता संध्याकाळी पाम बीचच्या कडेनं चालतो,
मासळी घ्यायला मुद्दाम लांबच्या काठावर जातो.
परवा चांगुणाबायनं पिशवीखालून कागद काढला,
नवी समिती, नवे प्रमुख, जुनाच विषय.
"वाचून दाखव."
वाचलं: तारीख, वार, वेळ दुपारी बारा.
"तिथी?"
तिथी नव्हती. पत्रात कधीच नसते.

तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला,
पुनवेपासून, एकेक दिवस,
गिऱ्हाईक ताटकळत असताना.
"लिव त्यांना," म्हणाली,
"आठमीला या. बाराच वाजता.
आन जेवून नका येऊ."